जनुके आणि आपली थाळी : 'डीएनए डाएट'मागचा इतिहास



"डॉक्टर, डीएनए टेस्ट करून डाएट ठरवतात म्हणे. करून घेऊ का?" हा प्रश्न आता नांदगाव-मनमाडकडेही विचारला जाऊ लागला आहे. मोबाईलवर जाहिरात येते, घरी एक डबी येते, तिच्यात थुंकीचा नमुना भरून पाठवायचा. काही आठवड्यांनी जाडजूड रिपोर्ट हातात पडतो. भात कमी खा, दूध टाळा, तुम्हाला अमुक व्हिटॅमिन कमी पडते, तमुक व्यायाम तुमच्या जनुकांना मानवतो, असे त्यात लिहिलेले असते. या सगळ्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. आपल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात ही रक्कम कोणाच्या तरी महिन्याभराच्या औषधांची असते.

"करा" किंवा "करू नका" एवढे एका शब्दात उत्तर देता येईल, पण ते पटणार नाही. म्हणून आज या विषयाचा इतिहास सांगतो. यातला बराचसा भाग आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या प्रयोगशाळांत आणि पुण्याजवळच्या खेड्यांत घडला आहे. तो वाचल्यावर कोणती जनुकीय तपासणी आयुष्य वाचवते आणि कोणती फक्त खिसा रिकामा करते, हे तुमचे तुम्हालाच ओळखता येईल.

जनुक म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत शरीर घडवण्याच्या सूचनांची एक वही असते असे समजा. त्या वहीतली एकेक पाककृती म्हणजे एकेक जनुक. माणसात अशी सुमारे २० हजार जनुके आहेत. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काही वेळा एखाद्या पाककृतीत एखादे अक्षर बदललेले असते. बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. कधी थोडा फरक पडतो, आणि क्वचित पदार्थच बनत नाही. "थोडा फरक" आणि "पदार्थच बनत नाही" यांतले अंतर लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

जनुकावरून ठरलेला पहिला आहार

१९०२ साली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरांनी एका विचित्र आजाराबद्दल लिहिले. काही मुलांची लघवी हवेत राहिली की काळी पडत असे. अशा मुलांचे आई-वडील बऱ्याचदा एकमेकांचे चुलत किंवा मावस-मामे नात्यातले होते. गॅरॉड यांनी अंदाज बांधला की शरीरातली एक रासायनिक पायरी जन्मतःच गाळली गेली आहे आणि हा दोष वंशातून येतो. चेहऱ्याप्रमाणे प्रत्येकाचे शरीरातले रसायनही वेगळे असते, हा विचार त्यांनी मांडला. आजच्या 'पर्सनलाइज्ड न्यूट्रिशन'चे मूळ तिथे आहे.

१९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या लघवीत एक रसायन टाकल्यावर ती हिरवी झाली. त्यातून फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, हा आजार सापडला. दूध, डाळी, मांस यांतल्या प्रथिनांमध्ये फिनाइलअॅलनिन नावाचा घटक असतो. या मुलांना तो पचवता येत नाही, तो रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो.

१९५३ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी अशा एका मुलीला हा घटक अगदी कमी असलेला आहार दिला, आणि तिच्यात सुधारणा दिसली. नंतर अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार ओळखण्याची पद्धत काढली. निदान पहिल्या काही दिवसांत झाले आणि आहार लगेच सुरू केला, तर बाळाची वाढ सर्वसाधारण होऊ शकते. डाएट कोल्ड्रिंकच्या बाटलीवर 'फिनाइलकीटोन्युरिया असणाऱ्यांसाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना तुम्ही पाहिली असेल. ती याच रुग्णांसाठी असते.

इथे एक जनुक आहे, न बनणारा एक पदार्थ आहे आणि टाळायचा एक अन्नघटक आहे. प्रश्न नेमका होता, म्हणून उत्तरही नेमके मिळाले.

मुंबईतल्या शोधांची मालिका

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक नवा रक्तगट जाहीर केला. हे रक्त वरवर 'ओ' गटाचे वाटायचे, पण 'ओ' गटाचे रक्तही त्याला चालत नव्हते. तोच जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. एफयूटी१ नावाचे जनुक निकामी असले की हा गट तयार होतो. या जनुकाचे नाव लक्षात ठेवा, त्याची भावंडे पुढे भेटणार आहेत. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झाले. पुढे त्याचीच राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था झाली. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात ती आजही काम करते.

आपल्या आहार-औषधांशी थेट नाते असलेला शोध १९६३ चा आहे. मुंबईतल्या पारशी समाजात जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता आढळल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. हे एन्झाइम लाल पेशींचे रक्षण करते. ते कमी असले तरी माणूस एरवी ठणठणीत असतो. पण काही विशिष्ट औषधे पोटात गेली की त्याच्या लाल पेशी भराभर फुटतात, लघवी गडद होते आणि कावीळ दिसते. हिवतापावरच्या प्रायमाक्विन या गोळीने काही जणांनाच असे का होते, याचा उलगडा अमेरिकेत १९५६ साली झाला होता. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत बाकला नावाच्या शेंगेच्या दाण्यांनीही असाच त्रास होतो, हे तर फार पूर्वीपासून माहीत होते.

ही कमतरता फक्त पारशी समाजात आहे असे नाही. भारतातल्या अनेक समाजांत ती कमी-अधिक सापडते, आदिवासी समाजांतही. तिच्या एका भारतीय प्रकाराच्या नावात तर चक्क आपले 'कल्याण' आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो.

आता व्यवहाराचे सांगतो. घरात कोणाला ही कमतरता असेल तर व्हायवॅक्स हिवतापाच्या उपचाराआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. अशा बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नयेत, कारण त्यांतल्या नॅफ्थलीननेही लाल पेशी फुटू शकतात. आणि आपले वाल-पावटे म्हणजे बाकला नव्हे, ती वेगळी वनस्पती आहे. इंटरनेटवर 'बीन्स टाळा' असे वाचून घरातली सगळी कडधान्ये बंद करू नका.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि लोहाची गोळी

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या आजारात हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत नोंदला गेला. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. आज विदर्भ, नंदुरबार, धुळे आणि आपल्या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागातही हा आजार परिचित आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे.

ही तपासणी थुंकीच्या महागड्या डबीवर अवलंबून नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साधी चाचणी होते, आणि शंका आली तर हिमोग्लोबिनची पुढची तपासणी केली जाते. तिच्यावरून मात्र आयुष्यातले मोठे निर्णय ठरतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आजार असलेल्या माणसाने भरपूर पाणी पिणे, उन्हातान्हात शरीर कोरडे पडू न देणे, फॉलिक अॅसिड आणि सांगितले असल्यास हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणे, यातून त्याच्या वेदना बऱ्याच कमी होऊ शकतात. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. तिला रोगी समजू नये आणि त्यावरून सोयरीक मोडण्याचेही कारण नाही. जोडीदाराची तपासणी करून घेणे मात्र शहाणपणाचे.

थॅलेसेमियाच्या वाहकाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे हिमोग्लोबिन थोडे कमी असते आणि लाल पेशी आकाराने लहान असतात. लोह कमी झाल्यावरही रिपोर्ट असाच दिसतो. म्हणून काही जण वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खात राहतात आणि हिमोग्लोबिन काही वाढत नाही. गोळ्या नियमित घेऊनही आकडा जागचा हलत नसेल, तर डॉक्टरांना फेरीटिन आणि हिमोग्लोबिन ए२ या तपासण्यांबद्दल विचारा. जनुकाची माहिती आहार आणि औषध खऱ्या अर्थाने कशी बदलते, याचे हे अगदी रोजचे उदाहरण आहे.

दूध आणि गहू

लहानपणी सगळ्यांना दूध पचते. मोठेपणी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची ताकद अनेकांमध्ये कमी होते. मोठेपणीही ती टिकवणारा जनुकीय बदल २००२ मध्ये सापडला. पशुपालनाच्या इतिहासाबरोबर तो युरोपात पसरला आणि भारतातही, विशेषतः वायव्य भागात, आढळतो. पण दूध प्यायल्यावर पोट गुबारते की नाही, हे कळायला जनुकाची गरज नाही. दोन आठवडे दूध बंद करून पुन्हा सुरू करून पाहिले तरी बरेच कळते. ज्यांना दूध मानवत नाही, त्यांतल्या अनेकांना दही-ताक चालते, कारण विरजण लागताना काही लॅक्टोज कमी होते.

गव्हाची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिअॅक आजाराची मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हाने त्रास होतो असा संशय विलेम डिके या डॉक्टरांना आधीपासून होता, तो यातून बळावला. आज आपल्याला माहीत आहे की सिलिअॅक रोग्यांमध्ये डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके जवळजवळ नेहमीच असतात. मात्र ती असणाऱ्या बहुसंख्य लोकांना आजार कधीच होत नाही. म्हणून ही चाचणी 'नाही' आली तर आजार जवळपास नाकारता येतो, पण 'आहे' आली म्हणून गहू सोडण्याचे कारण नसते. निदान रक्तातल्या अँटिबॉडी आणि आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीने होते, आणि त्या होईपर्यंत गहू चालू ठेवावा लागतो. खरोखर सिलिअॅक निघाला तर आपल्याकडची बाजरी-ज्वारीची भाकरी आहेच. तिच्यात ग्लूटेन नसते. फक्त दळताना गिरणीत गव्हाचे पीठ मिसळणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

पुण्याजवळची सहा गावे

इथपर्यंतच्या आजारांत एखाददुसरे जनुकच निर्णायक होते. मधुमेह आणि लठ्ठपणा यांचे तसे नाही. आणि जाहिराती मुख्यतः याच दोन आजारांवर बोट ठेवतात.

मधुमेह इतका का वाढला? १९६२ साली जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञाने कल्पना मांडली की दुष्काळांत तग धरण्यासाठी काही माणसांत 'काटकसरी' जनुके निवडली गेली, आणि आता भरपूर अन्न मिळू लागल्यावर तीच नडतात. १९९२ मध्ये इंग्लंडचे हेल्स आणि बार्कर यांनी वेगळे सांगितले. आईच्या पोटात अन्न कमी पडले की बाळाचे शरीरच काटकसरीने घडते आणि त्याचा परिणाम पुढे मोठेपणी दिसतो. नेदरलँड्सच्या त्याच उपासमारीच्या हिवाळ्यात आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर हाताळणे जड जात असल्याचे दिसले.

या वादात सर्वांत मोलाची भर पुण्याने घातली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळे दिसायला बारीक होती, पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. 'थिन-फॅट बेबी' हा शब्द इथूनच जगभर गेला. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

त्याच गावांत दिसले की आई हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात असेल तर बाळाची वाढ चांगली होते. सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी१२ कमी होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती.

मग जनुकांचे काय? त्यांचाही शोध याच चमूने घेतला. २००७ मध्ये युरोपात एफटीओ हे 'वजनाचे' जनुक सापडले. त्याच्या विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती असणारी माणसे इतरांपेक्षा सरासरी तीन किलोने जड होती. युरोपात त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध वाढलेल्या वजनामार्फत होता. २००९ मध्ये पुणे-म्हैसूरच्या अभ्यासात दिसले की आपल्याकडेही हे जनुक मधुमेहाशी जोडलेले आहे, पण तो संबंध नुसत्या वजनातून उलगडत नाही. म्हणजे युरोपातल्या लोकांवर बेतलेला हिशेब आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तुमच्या हातातला रिपोर्ट कोणत्या लोकांच्या अभ्यासावर आधारलेला आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. पुढे २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र केल्यावर कळले की शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये या जनुकामुळे लठ्ठपणाचा वाढणारा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो.

बी१२ ची गोष्ट तर आणखी गमतीची. रक्तातल्या बी१२ च्या पातळीशी एफयूटी२ या जनुकाचा संबंध आधी अमेरिकेतल्या अभ्यासात दिसला होता. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने पुण्याच्या चमूसोबत भारतीयांमध्ये एफयूटी६ या जनुकातले खास आपल्याकडचे बदल शोधले. एफयूटी१, एफयूटी२ आणि एफयूटी६ ही एकाच कुटुंबातली, एकोणिसाव्या गुणसूत्रावरची जनुके. म्हणजे १९५२ मधल्या 'बॉम्बे ब्लड ग्रुप'ची भावंडेच!

शास्त्र म्हणून हे फार मोलाचे आहे. पण तुमच्यापुरता प्रश्न साधा आहे. तुमचे बी१२ आज कमी आहे का? ते जनुकावरून कळणार नाही, रक्तातली पातळी मोजून कळेल. जी गोष्ट थेट मोजता येते, तिचा अंदाज जनुकावरून बांधत बसू नये.

नंतर बाजार आला

२००३ मध्ये मानवी जनुकसंचाचा आराखडा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि लवकरच 'जनुकांनुसार आहार' विकणाऱ्या वेबसाइट निघाल्या. २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्यांची परीक्षा घेतली. त्यांनी चौदा काल्पनिक ग्राहक तयार केले. वय, वजन, सवयी प्रत्येकाच्या वेगळ्या लिहिल्या. पण त्यांतल्या बारा ग्राहकांच्या नावाने पाठवलेला डीएनए एकाच तान्ह्या मुलीचा होता आणि दोघांच्या नावाने पाठवलेला एका प्रौढ पुरुषाचा. डीएनए एकच असताना सल्ले मात्र वेगवेगळे आले, कारण ते फॉर्मवर भरलेल्या सवयींवर बेतलेले होते. सिगारेट ओढतो असे लिहिले, तर सिगारेट सोडा असा सल्ला. एका ठिकाणी 'तुमच्यासाठी खास' म्हणून सुचवलेल्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च सुमारे १,२०० डॉलर होता. तशाच गोळ्या साध्या दुकानात सुमारे ३५ डॉलरला मिळत होत्या.

त्यानंतर तपासण्यांचे तंत्र बरेच सुधारले, पण मूळ प्रश्न राहिलाच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. काहींना कमी चरबीचा आणि काहींना कमी कर्बोदकांचा सकस आहार दिला. जनुकांना 'जुळणारा' आहार मिळालेल्यांचे वजन जास्त उतरले का? नाही. दोन्ही गटांत वजन सरासरी पाच ते सहा किलोने उतरले, आणि कोणाचे किती उतरले याचा जनुकांच्या त्या नमुन्याशी संबंध दिसला नाही.

आपल्या तालुक्यातल्या जाणत्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामे, मिलोच्या भाकरी आणि सुकडी. त्याच सुमारास, १९७२ ते ७५ या काळात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरात सुमारे २ टक्के आणि खेड्यात दीड टक्का होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ते ११.४ टक्के निघाले, म्हणजे सुमारे १० कोटी लोक. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पन्नास वर्षांत आपली जनुके बदलली नाहीत. बदलले ते खाणे, कष्ट, झोप आणि वजन. आणि हे सगळे, सोपे नसले तरी, अजून आपल्या हातात आहे.

मग तुम्ही काय करावे?

जनुकांशी संबंधित तपासणी कधी उपयोगी ठरते?

- घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, अथवा तुमच्या समाजात तो आढळत असेल, तर लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला.
- लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर.
- प्रायमाक्विन सुरू करण्याआधी, किंवा कोणत्याही औषधाने लघवी गडद होऊन कावीळ झाली असेल तर जी६पीडीची.
- बाळाला सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला असेल तर. यातल्या काही बाळांना इन्सुलिनऐवजी गोळ्या चालतात, म्हणजे तपासणीने उपचारच बदलतो.
- घरात अनेकांना तरुणपणी हृदयविकार, फार वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तर, तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

नुसते वजन, साखर, 'एनर्जी' किंवा व्हिटॅमिनसाठी थुंकीची डबी मागवण्याआधी एवढे करा:

- कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर सावध व्हा, वजन 'नॉर्मल' असले तरीही. याज्ञिक-युडकिन फोटो आठवा.
- उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, बी१२ आणि हिमोग्लोबिन तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी१२ वर विशेष लक्ष ठेवा, कारण त्या गोळीने ते कमी होऊ शकते.
- सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा जी६पीडीची कमतरता असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. अशा व्यक्तींचा एचबीए१सी खऱ्यापेक्षा वेगळा दिसू शकतो आणि मधुमेह नजरेतून निसटू शकतो.
- घरात लग्न झालेली मुलगी किंवा सून असेल तर तिच्या ताटाकडे आधी पाहा. पालेभाजी, डाळ, दूध किंवा ताक, आणि चालत असतील तर अंडी. पुण्याच्या सहा गावांनी हेच शिकवले.
- एका कागदावर आजी-आजोबांपासून आपल्यापर्यंत कोणाला कोणत्या वयात काय आजार झाला ते लिहून काढा. हीसुद्धा जनुकांचीच माहिती आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

एवढे करूनही चाचणी करायचीच असेल, तर आधी तीन प्रश्न विचारा. हा निष्कर्ष भारतीय लोकांवर तपासला आहे का? रिपोर्ट काहीही आला तरी माझा उपचार किंवा आहार नेमका काय बदलेल? आणि माझा डीएनए कोणाकडे, किती काळ राहणार? पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. शिवाय तो तुमच्या भावंडांचा आणि मुलांचाही अर्धामुर्धा असतोच.

रिपोर्ट आधीच हातात असेल तर घाबरू नका. त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करू नका की घरातले धान्य बदलू नका. तो घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, आणि सोबत तो घरच्या आजारांचा कागदही न्या. बऱ्याचदा तो कागदच जास्त उपयोगी पडतो.